बंद लॅपटॉपची बॅटरी उतरते ती कुठे जाते?

प्रश्न असा आहे: लॅपटॉप १०० टक्के चार्ज करून बंद केला, चार दिवस हात लावला नाही आणि चालू केला तेव्हा ६८ टक्के दाखवत होता. लॅपटॉप दोन वर्षांचा आहे. एकाचं म्हणणं, बॅटरी गेली, बदलून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, लिथियम बॅटरी पडून राहिली की उतरतेच, त्यात विशेष काही नाही. दोघांत बरोबर कोण? आणि पुढे दोन महिने लॅपटॉप वापरायचा नसेल तर तो ठेवायचा कसा?

माझ्या मते दोघंही घाईने बोलले आहेत. लिथियम बॅटरी पडून पडून उतरते हे खरं, पण चार दिवसांत ३२ टक्के नाही. बॅटरी खराब असूही शकेल, पण एवढ्या माहितीवर तसं ठरवता येत नाही. हा ६८चा आकडा तीन वेगळ्या वाटांनी येऊ शकतो. एक, लॅपटॉप बंद दिसत असूनही वीज खात होता. दोन, सेलच्या आतल्या आत चार्ज जिरला. तीन, चार्ज फारसा गेलाच नाही, मोजणाऱ्या चिपने आधीचा चुकलेला आकडा सुधारला. तिन्हींचा इलाज वेगळा, म्हणून आधी वाट कोणती ते शोधायचं आणि मग खर्चाचं बोलायचं.

माझ्याकडे अशी तक्रार आली की मी आधी टक्क्यांचे वॅट करून घेतो. टक्का ऐकून काहीच कळत नाही, वॅट कळले की अर्धं निदान होतं. तुमच्या बॅटरीची क्षमता ५० वॅट-तास धरू (खरा आकडा बॅटरीवर किंवा खाली सांगितलेल्या बॅटरी रिपोर्टमध्ये मिळेल). तिचे ३२ टक्के म्हणजे १६ वॅट-तास. चार दिवसांचे तास ९६. भागाकार केला की साधारण ०.१७ वॅट, म्हणजे १७० मिलिवॅट. बॅटरी जुनी होऊन तिची क्षमता ३८ वॅट-तासांवर आली असेल, तर तेच ३२ टक्के १२ वॅट-तासांचे होतात आणि गळती सव्वाशे मिलिवॅटच्या आसपास येते. म्हणजे जुन्या बॅटरीचे टक्के नव्या बॅटरीच्या टक्क्यांपेक्षा लहान असतात. दोन लॅपटॉपची तुलना करताना हे हमखास विसरलं जातं.

आता चांगल्या सेलची स्वतःची गळती बघा. लिथियम-आयन सेल आतल्या आत महिन्याला एक-दोन टक्के हरवतो. पॅकमधलं संरक्षण आणि मोजणी करणारं सर्किट सतत जागं असतं, त्याचे आणखी काही धरा. ढोबळमानाने महिन्याला तीन टक्के. ५० वॅट-तासांचे तीन टक्के म्हणजे दीड वॅट-तास, आणि तो खर्च होणार ७२० तासांत. उत्तर येतं दोन मिलिवॅट. तुमच्याकडे त्याच्या साठ ते ऐंशी पट जातंय. पूर्ण भरलेली बॅटरी पहिल्या दिवसात थोडी जास्त उतरते, तेही धरलं तरी हिशेब जुळत नाही. त्यामुळे ‘लिथियम अशीच असते’ हे उत्तर बाजूला ठेवता येतं.

मग १७० मिलिवॅट कोण खातं? इथे मी सगळ्यात आधी एक प्रश्न विचारतो आणि तो लोकांना थोडा अपमानास्पद वाटतो: ‘बंद केला’ म्हणजे नक्की काय केलं? झाकण मिटलं, की मेनूमधून शटडाउन केलं? यात पुष्कळ फरक आहे. झाकण मिटल्यावर बहुतेक लॅपटॉप झोपतात, बंद होत नाहीत. झोपेतही दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या झोपेत प्रोसेसर बंद होतो आणि फक्त रॅमला वीज मिळत राहते, कारण रॅमला सतत ताजंतवानं ठेवलं नाही तर त्यातली माहिती उडते. नव्या पद्धतीला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. त्यात लॅपटॉप फोनसारखा अर्धवट जागा असतो, अधूनमधून उठून मेल बघतो, अपडेट उतरवतो. सगळं नीट असेल तर हेही काटकसरीत चालतं. पण एखादा ड्रायव्हर (लॅपटॉपचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) हट्टाला पेटला तर तासाला दोन-तीन टक्के सहज जातात, आणि बॅगेतून काढलेला लॅपटॉप गरम लागतो. तुमचा कोणत्या प्रकारात झोपतो हे बघायचं असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि इंग्रजी ए (powercfg /a), एवढं लिहून एंटर दाबा. तुमच्या यंत्राला कोणत्या झोपा येतात याची यादी मिळेल.

तुम्ही खरोखर शटडाउन केलं असेल, तरी गोष्ट संपत नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउनचा अर्थ बदलला आहे. फास्ट स्टार्टअप ही लवकर सुरू होण्याची सोय चालू असेल तर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो, म्हणजे अर्धं हायबरनेट होतं. बॅटरी उतरते म्हटलं की ‘फास्ट स्टार्टअप काढा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हायबरनेटमध्ये रॅमला वीज लागत नाही, त्यामुळे तत्त्वतः फास्ट स्टार्टअपने बॅटरी जास्त खाऊ नये, आणि बऱ्याच यंत्रांवर ती खातही नाही. पण काही यंत्रांवर बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर या अवस्थेत एखादा भाग पूर्ण बंद करत नाहीत, आणि तिथे फरक पडतो. म्हणून मी तो रामबाण उपाय म्हणून सांगत नाही, फुकटात होणारी चाचणी म्हणून सांगतो. सेटिंग बदलायचीही गरज नाही. शिफ्ट दाबून धरा आणि शटडाउनवर क्लिक करा, तेवढ्या वेळेपुरतं खरं शटडाउन होतं.

आणि खरं शटडाउन झालं तरी लॅपटॉपमध्ये एक कोपरा जागाच असतो. तुम्ही पॉवरचं बटण दाबलं हे कुणाला तरी कळलं पाहिजे, चार्जर लावला हे कळलं पाहिजे. हे काम मदरबोर्डवरची एक छोटी चिप करते, तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. जोडीला घड्याळ असतं. घड्याळ इतकं कमी खातं की त्याचा विचारही करू नका. सगळं ठाकठीक असलेला बंद लॅपटॉप काही थोड्या मिलिवॅटवर भागवतो. महिनाभर बंद ठेवून दहा-पंधरा टक्के गेले तर मी तक्रार नोंदवून घेत नाही, लॅपटॉप परत देतो.

त्याच्या वर गेलं की संशयित ठरलेले आहेत. पहिला यूएसबी. बऱ्याच लॅपटॉपच्या एका पोर्टवर विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असतं. लॅपटॉप बंद असताना फोन चार्ज व्हावा म्हणून ते पोर्ट जिवंत ठेवलेलं असतं. फोन लावलेला नसला तरी पाच व्होल्ट तयार करणारं सर्किट चालू राहतं, आणि त्यात वायरलेस माऊसचा चिमुकला डोंगल राहिला असेल तर तोही आपला वाटा घेतो. बायोसमध्ये ही सोय बंद करता येते. निर्मात्यानुसार नाव बदलतं, पॉवरशेअर, ऑलवेज ऑन यूएसबी किंवा स्लीप अँड चार्ज असं काहीतरी दिसेल. दुसरा संशयित नेटवर्कवरून लॅपटॉप उठवण्याची सोय, तिच्यासाठी नेटवर्क कार्डाला वीज मिळत राहते. तीही बायोसमध्येच बंद होते. घरच्या लॅपटॉपला तिची गरज सहसा नसते.

तिसरा संशयित सेटिंगमध्ये सापडत नाही. एक लॅपटॉप माझ्याकडे असाच आला होता, नवी बॅटरी बसवूनही दहा-बारा दिवसांत रिकामा व्हायचा. बॅटरी काढून तिच्या जागी दुरुस्तीच्या टेबलावरचा, करंट मोजून दाखवणारा वीजपुरवठा जोडला. साडेअकरा व्होल्टवर बंद बोर्डाने अर्धा-एक मिलिअँपिअर घ्यायला हवा होता, हा पंधरा घेत होता. पंधरा मिलिअँपिअर गुणिले साडेअकरा म्हणजे तेच आपले १७० मिलिवॅट. थर्मल कॅमेऱ्याखाली बोर्ड धरला तर कीबोर्डच्या कनेक्टरजवळ, सतत चालू राहणाऱ्या ३.३ व्होल्टच्या वीजवाहिनीवरचा एक कपॅसिटर आजूबाजूपेक्षा तीन-चार अंश गरम दिसला. त्याच्या पायथ्याशी हिरवट पांढरा थर जमला होता. विचारल्यावर मालकांना आठवलं की मागे कधीतरी कीबोर्डवर पाणी सांडलं होतं, ‘पण नंतर व्यवस्थित चालू झाला की!’ चालू झाला हे खरंच होतं. लॅपटॉप चालू असताना वीस वॅट खातो, त्यात पाव वॅटही नसलेली ही गळती कुणाच्या लक्षात येणार? ती दिसते फक्त बंद असताना. कपॅसिटर बदलला, थर साफ केला, विषय मिटला. तोवर बॅटरीचा खर्च मात्र होऊन गेला होता.

सेलच्या आत काय होतं याचंही थोडं सांगतो, कारण गळती तिथेही असू शकते. भरलेल्या सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड (धन आणि ऋण बाजू) एकमेकांपासून मोठ्या व्होल्टेजवर, सुमारे ४.२ व्होल्टवर ताणलेले असतात, आणि मधल्या द्रवाला ही अवस्था मानवत नाही. तो इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर हळूहळू विघटित होत राहतो. सेल जितका भरलेला आणि जितका गरम, तितकं हे जोरात. यातला काही चार्ज पुन्हा भरला की परत मिळतो, काही मात्र कायमचा जातो, म्हणजे क्षमताच घटते. ‘उतरणं’ आणि ‘म्हातारं होणं’ हे दोन वेगळे प्रकार आहेत, पण गरमी आणि पूर्ण चार्ज हे दोघांचेही मित्र.

यातली एक गंमत अलीकडे कळली. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात मायकेल मेट्झगर यांच्या गटाने वेगवेगळ्या तापमानाला ठेवलेले सेल उघडून पाहिले, तर आतला द्रव चक्क लालभडक झालेला. शोध घेतला तेव्हा दोषी निघाली ती इलेक्ट्रोड जागेवर धरून ठेवणारी साधी चिकटपट्टी. ती पीईटीची असते, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. ते सेलच्या आत विघटित होऊन एक असा रेणू तयार होतो की जो एका इलेक्ट्रोडवरून दुसऱ्याकडे ये-जा करत चार्ज वाहून नेतो. २०२३मध्ये हे जाहीर झालं, आणि पट्टीसाठी दुसरं प्लास्टिक वापरा असा त्यांचा सल्ला आहे. तुम्हाला यात करण्यासारखं काही नाही. पण सेलची गळती म्हटलं की काहीतरी गूढ रसायनच असणार असं समजायचं कारण नाही, कारण कधी पाच पैशांची पट्टीही निघते.

सेलमध्ये खरोखर बिघाड असेल तर तो सहसा पॅकमधल्या एकाच सेलमध्ये असतो. लॅपटॉपचे पॅक साधारण दोन ते चार सेल ओळीने जोडून बनवतात. त्यातल्या एकाच्या आत बारीक शॉर्ट झाला की तो इतरांपेक्षा लवकर रिकामा होतो, आणि सगळ्या पॅकचा आकडा त्या सगळ्यात दुबळ्या सेलवर ठरतो. असा पॅक बदलावाच लागतो. बंद ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरीकडची बाजू काही कारण नसताना कोमट लागत असेल, किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर पुढच्या चाचण्या करत बसू नका. बॅटरी फुगली किंवा आतून बिघडली असणार, चार्जिंग थांबवा, तिला दाबू किंवा टोचू नका, जाणकाराकडून काढून घ्या.

राहिली तिसरी वाट, मोजणीची. ही सगळ्यात दुर्लक्षित आहे. बॅटरीतली चिप आत येणारा आणि बाहेर जाणारा करंट एका छोट्या रेझिस्टरमधून मोजते आणि बेरीज-वजाबाकी करत टक्के सांगते. सेलच्या आतल्या आत जिरलेला चार्ज त्या रेझिस्टरमधून जातच नाही, म्हणून तिला तो दिसत नाही. टाकीच्या नळावर मीटर बसवलं तर तळातून झिरपलेलं पाणी मीटरवर उमटत नाही, तसंच. मग बॅटरी काही तास शांत पडून राहिली की चिप सेलचं व्होल्टेज बघते आणि आपला हिशेब त्याच्याशी जुळवून घेते. जुन्या बॅटरीत हा हिशेब बराच भरकटलेला असतो. अशा वेळी विश्रांतीनंतर आकडा एकदम खाली येतो, आणि तुम्हाला वाटतं रात्रीत वीस टक्के गेले. प्रत्यक्षात ते काल संध्याकाळीही नव्हते, फक्त दाखवले जात होते. याची खूण म्हणजे वापरतानाही आकडा उड्या मारतो, ४० वरून एकदम ७ वर येतो वगैरे. आणखी एक खूण: चार दिवस ठेवला काय, एकच रात्र ठेवला काय, घट साधारण तेवढीच. खरी गळती दिवसांच्या प्रमाणात वाढते, मोजणीची दुरुस्ती एकदाच होते.

आता चाचणी. बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास असताना करा, १०० वर नको, कारण नुकत्याच भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं बसतं आणि निकाल बिघडवतं. यूएसबीतलं सगळं काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा, तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं लिहा. एक फाइल तयार होईल. तिच्यात वरच मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता असते, आणि खाली वेळेनुसार किती मिलिवॅट-तास शिल्लक आहेत याचा तक्ता. शेवटचा आकडा कागदावर लिहा, वेळही लिहा. शिफ्ट धरून शटडाउन करा. चोवीस तासांनी चालू करा, लगेच पुन्हा रिपोर्ट काढा. समजा ३८,४०० होते आणि ३५,५०० आले. गेले २,९००. त्यातून चालू होण्याचा खर्च वजा करा: दोन मिनिटं पंधरा वॅटने म्हणजे ५०० मिलिवॅट-तास. उरले २,४००, भागिले २४, म्हणजे १०० मिलिवॅट. हा आकडा जास्तच आहे. हीच चाचणी पुढे तीन दिवसांसाठी करा आणि वर सांगितल्याप्रमाणे घट दिवसांबरोबर वाढते का ते पाहा. तीन दिवसांतही घट तेवढीच राहिली तर मोजणी चुकते आहे. ती सुधारायला बॅटरी एकदा पूर्ण भरून, चालू लॅपटॉपवर आपोआप बंद होईपर्यंत वापरून पुन्हा सलग पूर्ण भरायची. हे दर महिन्याला करू नका, बॅटरीला त्याचा त्रासच होतो.

घट दिवसांबरोबर वाढत असेल तर दोष बॅटरीत की लॅपटॉपमध्ये, एवढंच ठरवायचं राहतं. त्याला सोपा मार्ग आहे: बॅटरीला लॅपटॉपपासून तोडा. बॅटरी बाहेर काढता येत असेल तर काढून तीन दिवस ठेवा. आतली असेल तर काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याची सोय असते, दुरुस्तीवाल्यांसाठी दिलेली. ती वापरली की बॅटरी मदरबोर्डापासून तुटते आणि चार्जर लावला की पुन्हा जागी होते. तोडलेल्या अवस्थेत चार्ज टिकला तर बॅटरी निर्दोष, खाणारा लॅपटॉप आहे. मग यूएसबी आणि नेटवर्कच्या सेटिंग बंद करून पुन्हा मोजा, बायोस अद्ययावत करा, आणि तरीही फरक नसेल तर बोर्ड तपासायला द्या. तोडूनही चार्ज गेला तर दोष बॅटरीचाच, बदला.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा अंदाज लॅपटॉपवर जास्त आहे, त्यातही झाकण मिटण्यावर किंवा यूएसबीवर. पण रिपोर्टमध्ये मूळ ५० आणि सध्याची ३० च्या खाली असं काही दिसलं, तर मी मत बदलेन. तेवढी झिजलेली बॅटरी मोजणीतही चुकते आणि टिकायलाही फार दिवस टिकत नाही.

दोन महिने ठेवण्याबद्दल. पूर्ण भरून ठेवू नका आणि संपवूनही ठेवू नका. एक वर्षभर २५ अंशांना ठेवलेल्या लिथियम-आयन सेलचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे आकडे असे आहेत: ४० टक्के भरून ठेवला तर ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवला तर ८०. तापमान ४० अंश असेल तर तेच आकडे ८५ आणि ६५ होतात. म्हणजे अर्धा चार्ज आणि थंड जागा. पण तुमचा लॅपटॉप दिवसाला आठ टक्के खातो आहे, त्यामुळे अर्ध्यावर ठेवला तर आठवड्याभरात रिकामा होईल आणि उरलेले दिवस तसाच पडून राहील, जे सगळ्यात वाईट. सेलचं व्होल्टेज खूपच खाली जाऊन फार काळ तसंच राहिलं की ऋण बाजूचं तांबं द्रवात विरघळायला लागतं, आणि पुढे चार्ज करताना तेच तांबं आत शॉर्ट करू शकतं. म्हणून पॅकमधलं सर्किट अशा बॅटरीला चार्ज करायला नकार देतं, आणि लोकांना वाटतं चार्जर गेला. तेव्हा गळती सापडेपर्यंत बायोसमधून बॅटरी तोडून, ५०-६० टक्क्यांवर ठेवा. ती सोय नसेल तर ७० वर ठेवा आणि दर आठवड्याला एकदा चार्जर लावून पुन्हा तेवढ्यावर आणा, किंवा मागचं झाकण उघडता येत असेल तर बॅटरीचा कनेक्टर काढून ठेवा.